सुताचा नंबर : लडी, रतल आणि गिरणगावचा हिशेब

धान्य मापाने मोजावे, दूध लिटरने मोजावे, जमीन एकर-गुंठ्यांनी मोजावी, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. सुताचे माप मात्र थोडे निराळे आहे. सूत वजनावर विकले जाते. पण ते किती बारीक आहे हे केवळ वजनावरून कळत नाही आणि केवळ लांबीवरूनही कळत नाही. धाग्याची जाडी पट्टीने मोजावी तर धागा दाबला की चपटा होतो, ताणला की बारीक होतो. म्हणून लांबी आणि वजन यांची सांगड घालून एक आकडा काढण्याची पद्धत जगभर रूढ झाली. मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे ताडदेव, परळ, लालबाग, दादर या पट्ट्यात, या आकड्याला ‘नंबर’ किंवा ‘काउंट’ म्हणत. वीस नंबरचे सूत, चाळीस नंबरचे सूत ही भाषा आजही इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी आणि सोलापूर येथील मागवाल्यांच्या तोंडी आहे.

हा आकडा केवळ तांत्रिक सोयीचा आहे असे समजणे मात्र योग्य ठरणार नाही. या आकड्यावर एकेकाळी सरकारने कर बसविला, कामगारांच्या मजुरीचे दर त्यावर अवलंबून राहिले, शेतकऱ्याच्या कापसाचा कस त्यावरून ठरला. माप कोणते घ्यायचे आणि ते कोणी ठरवायचे, या प्रश्नात किती जणांचे हिताहित गुंतलेले असते, याचे सुताचा नंबर हे एक बोलके उदाहरण आहे.

नंबर म्हणजे काय?

कापसाच्या सुताचे जुने इंग्रजी माप असे : ८४० वार सुताची एक लडी. एक रतल, म्हणजे एक पौंड, वजनात अशा जितक्या लड्या बसतील, तितका त्या सुताचा नंबर. एका रतलात वीस लड्या बसल्या तर सूत वीस नंबरचे. चाळीस बसल्या तर चाळीस नंबरचे. नंबर जितका मोठा तितका धागा बारीक, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. वीस नंबरच्या एक रतल सुताची लांबी १६,८०० वार, म्हणजे साडेनऊ मैलांहून थोडी अधिक भरते.

८४० हा आकडा चमत्कारिक वाटतो. पण तो रिळाच्या घेरातून आला आहे. सूत गुंडाळण्याच्या रिळाचा घेर ५४ इंच, म्हणजे दीड वार असे. अशा ८० फेऱ्यांची १२० वारांची एक ‘ली’ आणि सात लींची एक लडी. म्हणजे एका लडीत ५६० फेऱ्या होत. गिरणीतील रिळ खात्यात बहुतांशी स्त्रिया काम करीत. फेऱ्या कमी पडल्या तर लडी आखूड भरे, आणि आखूड लडी हा बाजारात विश्वासाला तडा देणारा दोष मानला जाई.

गिरणीच्या परीक्षण विभागात याच हिशेबाचे एक सुटसुटीत सूत्र वापरीत. एका रतलाचे ग्रेन ७,००० आणि एका लडीच्या ली सात. त्यामुळे एका लीचे वजन ग्रेनमध्ये काढून १,००० ला त्याने भागले की नंबर मिळतो. १२० वार सूत ५० ग्रेन भरले तर ते वीस नंबरचे. २५ ग्रेन भरले तर चाळीस नंबरचे.

लोकरीचे माप वेगळे का?

लोकरीच्या सुताला मात्र हे माप लागू नव्हते. लांब तंतूंची लोकर विंचरून कातलेल्या ‘वर्स्टेड’ सुताची लडी ५६० वारांची धरीत. वरवर पाहता कापसाच्या व लोकरीच्या लडीत काही मेळ दिसत नाही. परंतु फोड केली की गंमत लक्षात येते. वर्स्टेडच्या लडीतही ८० फेऱ्यांची एक याप्रमाणे सातच ली असत; फरक एवढाच की तेथे रिळाचा घेर दीड वाराऐवजी एक वार होता. म्हणून वीस नंबरचे सुती सूत आणि तीस नंबरचे वर्स्टेड सूत लांबी-वजनाच्या हिशेबाने सारखेच ठरतात. केवळ आकडा मोठा म्हणून लोकरीचे सूत अधिक बारीक समजणाऱ्या ग्राहकाची फसगत होणार, हे उघड आहे.

आखूड तंतूंच्या लोकरीची रीत आणखी निराळी. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात तिची गुंडी २५६ वारांची धरीत. एका रतलाचे २५६ ड्रॅम होतात. त्यामुळे एका ड्रॅम वजनात जितके वार सूत, तितका नंबर, असा सोपा हिशेब विणकराला तोंडी करता येई. स्कॉटलंडमधील गॅलाशील्स येथे ३०० वारांचा ‘कट’ २४ औंसांशी ताडून पाहत. ताग्यासाठी जवसाचे सूत घेतले तर त्याची ली ३०० वारांची. प्रत्येक परगण्याने आपल्या रिळाप्रमाणे आणि आपल्या तराजूप्रमाणे माप ठरविले होते. स्थानिक व्यवहारात त्याने अडत नसे; परगावचा व्यापारी आला की घोटाळा सुरू होई.

महाराष्ट्रात लोकरीची परंपरा धनगर समाजाने जतन केली. दख्खनी मेंढीची भरड लोकर टकळीवर कातून तिची घोंगडी विणली जात आणि आजही काही ठिकाणी विणली जातात. या व्यवहारात नंबराची गरज नव्हती. घोंगडे हातांनी मोजावे आणि वीण पारखून घ्यावे, एवढे पुरेसे होते. कातणारा, विणणारा आणि पांघरणारा एकमेकांना ओळखत असले की अनुभवी बोटे हेच माप असते. यंत्राचे सूत दूरच्या बाजारात जाऊ लागले, तेव्हा बोटांची जागा आकड्याने घेतली. ठाणे येथे १९२५ साली सुरू झालेली रेमंड वूलन मिल आणि १९६३ साली तेथेच स्थापन झालेली लोकर संशोधन संस्था ही या दुसऱ्या व्यवस्थेची महत्त्वाची ठिकाणे होत. लोकरीच्या गिरणी व्यवसायात पुढे मेट्रिक नंबर रूढ झाला. एक किलोग्रॅम सुताची लांबी जितके हजार मीटर, तितका हा नंबर.

वीस नंबरची राजकीय रेषा

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली आणि ताडदेव येथील तिच्या गिरणीत १८५६ साली उत्पादन सुरू झाले. पुढील चार दशकांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. या गिरण्यांचे बरेचसे सूत चीनच्या बाजारात जाई आणि ते प्रामुख्याने जाडेभरडे, वीस नंबरच्या आतले असे. देशी कापसाचा तंतू आखूड असल्यामुळे त्याहून फार बारीक सूत काढणे कठीण होते. बारीक सूत व तलम कापड इंग्लंडमधील लँकेशायरहून येई.

लँकेशायरच्या मालावर हिंदुस्थानात आयात जकात असावी की नसावी, हा वाद अनेक वर्षे चालला. त्या वादात सुताचा नंबर हीच सीमारेषा ठरली. १८७९ साली तीस नंबरपेक्षा बारीक सूत नसलेल्या कोऱ्या कापडावरील जकात माफ करण्यात आली आणि १८८२ साली सुती मालावरील जकात सरसकट उठविण्यात आली. पुढे सरकारी तिजोरीला तूट आली, तेव्हा डिसेंबर १८९४ मध्ये सुती मालावर पाच टक्के जकात पुन्हा बसविण्यात आली. मात्र लँकेशायरच्या गिरणीमालकांचे समाधान व्हावे म्हणून देशातील गिरण्यांच्या वीस नंबरहून बारीक सुतावरही तितकाच अबकारी कर लादण्यात आला. वीस नंबर व त्याहून जाडे सूत करमुक्त राहिले.

या रेषेचा अर्थ काय होता, हे नीट पाहिले पाहिजे. मुंबईच्या गिरणीने जाडे सूत काढावे तोवर तिला कर नाही. तिने सुधारणा करून बारीक सुताकडे वळावे तर कर भरावा, असा तो हिशेब होता. एकवीस लड्या आणि वीस लड्या यांतील एका लडीच्या फरकाला अशा रीतीने राजकीय मोल आले. लँकेशायरचेही यावर समाधान झाले नाही. जाड्या कापडाला करमाफी मिळाल्याने ग्राहक तलम कापडाकडून जाड्याकडे वळतो, अशी तक्रार तेथील मालकांनी केली. परिणामी १८९६ साली सुतावरील कर काढून टाकण्यात आला आणि आयात कापडावर साडेतीन टक्के जकात व देशी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर ठेवण्यात आला. म्हणजे जाडे कापड विणणारी गिरणीही आता कराच्या कक्षेत आली. या धोरणाविरुद्ध लोकमत प्रक्षुब्ध झाले. लोकमान्य टिळकांनी त्यावर कडाडून टीका केली. हा अबकारी कर डिसेंबर १९२५ मध्ये तहकूब झाला आणि १९२६ साली रद्द करण्यात आला. तब्बल तीस वर्षे त्याने देशी वस्त्रोद्योगाला जाच केला होता.

नंबर आणि मजुरी

कराइतकाच महत्त्वाचा प्रश्न मजुरीचा. समजा, एका कामगाराची मजुरी उत्पादनाच्या वजनावर ठरविली आणि गिरणीने वीस नंबरऐवजी चाळीस नंबरचे सूत काढावयास घेतले. चाळीस नंबरचे सूत वजनाने निम्मे असते. म्हणजे तितकीच लांबी कातूनही वजन अर्धेच भरते. गोष्ट येथेच थांबत नाही. बारीक धागा टिकावा म्हणून त्याला पीळही जास्त द्यावा लागतो. इंचामागे द्यावयाचा पीळ नंबराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, असा कताईशास्त्राचा नियम आहे. नंबर दुप्पट झाला की पीळ सुमारे १.४१ पट होतो. चाती त्याच वेगाने फिरत असेल तर सुताची लांबीही त्या मानाने कमी निघते. दोन्ही परिणाम एकत्र केले असता चाळीस नंबरचे उत्पादन वजनाने वीस नंबरच्या सुमारे ३५ टक्केच भरते.

यावरून असे दिसते की वजनावर एकच दर ठेवला तर बारीक सूत काढणारा कामगार बुडतो. लांबीवर एकच दर ठेवला तर नुकसान कमी होते, पण राहतेच. विणाईतही असाच पेच येतो. तलम कापडात इंचाला अधिक धागे भरावे लागतात, वेळ अधिक लागतो आणि वजन मात्र कमी भरते. म्हणून नंबर, पीळ आणि यंत्राचा वेग लक्षात घेऊन प्रत्येक प्रकारच्या मालाचा दर स्वतंत्रपणे ठरविणे, हाच न्याय्य मार्ग होय.

हा मार्ग सहजासहजी मिळाला नाही. एकाच कामाला परळच्या एका गिरणीत एक दर आणि शेजारच्या गिरणीत दुसरा दर, अशी परिस्थिती दीर्घकाळ होती. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईत गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप झाला. सुमारे दीड लाख कामगार त्यात सामील झाले होते. प्रत्येक कामगाराकडे अधिक यंत्रे सोपविण्याची योजना आणि वेतनदरांचे प्रमाणीकरण हे त्या संपातील प्रमुख प्रश्न होते. संपानंतर सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या प्रश्नांची चौकशी करून १९२९ साली अहवाल दिला. दरपत्रकातील आकडे बाहेरच्या माणसाला रूक्ष वाटतात. पण लालबागच्या चाळीतील एका खोलीचे भाडे, वाण्याची उधारी आणि गावी पाठवावयाची मनीऑर्डर या साऱ्या गोष्टी त्या आकड्यांना बांधलेल्या होत्या.

शेतकऱ्याचा कापूस आणि माटुंग्याची प्रयोगशाळा

कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याचाही नंबराशी संबंध आहे. कोणत्या वाणाच्या कापसातून किती नंबरपर्यंतचे चांगले सूत निघेल, यावर त्या वाणाचे मोल ठरते. हे शास्त्रीय पद्धतीने तपासण्यासाठी इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने १९२४ साली दादरजवळ माटुंगा येथे तंत्रशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू केली. डॉ. ए. जे. टर्नर हे तिचे पहिले संचालक होते. निरनिराळ्या प्रांतांतील कापसाचे नमुने येथे प्रत्यक्ष कातून पाहिले जात आणि प्रत्येक वाण ताण्यासाठी जास्तीत जास्त किती नंबरचे प्रमाणित सूत देऊ शकतो, हे ठरविले जाई. आज ही संस्था भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अखत्यारीत केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून कार्यरत आहे. शेतात नवे वाण आले की त्याची परीक्षा अखेर धाग्यात होते, हे विदर्भ, खानदेश व मराठवाड्यातील कापूस उत्पादकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कापसाच्या बाजारातही जुने माप टिकून आहे. मुंबई बाजाराची खंडी ७८४ रतलांची. मेट्रिक हिशेबाने ती सुमारे ३५६ किलो होते. वजने-मापे दशमान झाली, तरी रुईचा भाव आजही खंडीवर सांगितला जातो.

चरख्याची गुंडी

गिरणीच्या लडीशेजारी स्वातंत्र्यचळवळीने आपले एक माप उभे केले. ते खादीच्या गुंडीचे. फाळक्याचा एक फेरा, म्हणजे एक तार, चार फुटांचा. १६० तारांची एक लटी आणि चार लटींची, म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. तिची लांबी सुमारे ८५३ वार होते. म्हणजे गिरणीच्या ८४० वारांच्या लडीशी ती जवळजवळ जुळते. पुढे दशमान पद्धतीत १,००० मीटरची गुंडी रूढ झाली.

गिरगावलगत गावदेवी येथील मणिभवनात महात्मा गांधींचा १९१७ ते १९३४ या काळात मुंबईतील मुक्काम असे. या वास्तूशी त्यांच्या कताई-पिंजणाच्या आरंभीच्या आठवणी निगडित आहेत. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगाव येथे झालेल्या काँग्रेस अधिवेशनात सभासदत्वासाठी दरमहा दोन हजार वार सुताची अट मान्य करण्यात आली. १९२५ साली स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघातही सभासदाने दरमहा एक हजार वार स्वतः कातलेले सूत द्यावे, असा नियम होता. वर्गणी रुपयांत न घेता वारांत घेण्याचा हा प्रयोग होता. श्रीमंत आणि गरीब यांना तेवढेच वार कातावे लागत, आणि त्यासाठी वेळ व हात हीच पुंजी लागे.

दशमान युग आणि जुने आकडे

भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने-मापे स्वीकारण्यात आली आणि काही वर्षांत ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. सुतासाठी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालेले एकक ‘टेक्स’ हे आहे. १,००० मीटर सुताचे ग्रॅममधील वजन म्हणजे टेक्स. रेशीम व कृत्रिम धाग्यांसाठी ९,००० मीटरचे ग्रॅममधील वजन म्हणजे ‘डेनियर’ वापरतात. या दोन्ही पद्धतींत आकडा वाढला की धागा जाडा होतो. जुन्या नंबराचा क्रम याच्या नेमका उलट असल्याने नवख्या माणसाचा गोंधळ होतो. रूपांतर सोपे आहे : ५९०.५ ला नंबराने भागले की टेक्स मिळतो. वीस नंबर म्हणजे सुमारे २९.५ टेक्स.

हातमागाच्या दृष्टीने लडीला अद्याप विशेष महत्त्व आहे. हातमाग विणकर सूत रंगवितो, खळ देतो, त्यासाठी त्याला लडीचे सूत सोयीचे पडते. गिरणीला मात्र कोनावर गुंडाळणे सोपे व स्वस्त. म्हणून गिरण्यांनी देशांतर्गत विक्रीच्या सुताचा काही हिस्सा लडीच्या रूपात बांधला पाहिजे, असे बंधन केंद्र सरकारने घातले. हा हिस्सा पूर्वी ५० टक्के होता. २००३ साली तो ४० टक्के आणि २०१९ साली ३० टक्के करण्यात आला. येवले-पैठणपासून सोलापूरपर्यंतच्या विणकरांशी संबंध येणाऱ्या अधिकाऱ्यांना व लोकप्रतिनिधींना याची माहिती असणे आवश्यक आहे.

आर्द्रतेचे वजन

सूत वजनावर विकले जात असल्याने आणखी एक बाब लक्षात घेतली पाहिजे. तंतू हवेतील ओलावा शोषून घेतात. कोरड्या वजनावर कापसाला साधारण साडेआठ टक्के, तर लोकरीला सुमारे १६ ते १८ टक्के ओलावा व्यापारात मान्य धरतात. शंभर किलो पूर्ण कोरडी लोकर १६ टक्के ओलाव्याने ११६ किलो भरते. तीच दमट जागी ठेवून ओलावा २२ टक्क्यांवर नेला तर ती १२२ किलो भरेल. हे जादा सहा किलो पाण्याचे आहेत, लोकरीचे नव्हेत. ओलाव्याने वजन वाढले की सुताचा नंबरही खाली उतरल्यासारखा दिसतो. म्हणूनच प्रमाणित हवामानात सूत ठेवून मगच त्याची परीक्षा करण्याची पद्धत आहे. पावसाळ्यात लोकर किंवा सूत खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थांनी याबाबत विशेष दक्ष राहावे.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज समजावून देता येईल. एक मीटर घेराची पुठ्ठ्याची किंवा लाकडाची चौकट करावी. तिच्यावर सूत न ताणता शंभर फेरे घ्यावेत आणि ते शंभर मीटर सूत सोनाराच्या काट्यावर तोलावे. ग्रॅममधील वजनाला दहाने गुणले की टेक्स, आणि ५९.०५ ला त्या वजनाने भागले की जुना नंबर. वजन २.९५ ग्रॅम भरले तर सूत वीस नंबरचे. शिवणदोरा, हातमागाचे सूत आणि स्वेटरची लोकर या तिन्हींची अशी परीक्षा केल्यास गुणोत्तर, व्यस्त प्रमाण आणि एककांचे रूपांतर हे गणिताचे तीन धडे एकाच प्रयोगात शिकविता येतात.

विणकर किंवा खादी संस्था ज्या गावात आहेत, तेथील पंचायत सदस्यांनाही हा प्रयोग उपयोगी पडेल. सुताच्या गाठोड्यावर लिहिलेला नंबर, वजन आणि लड्यांची संख्या यांचा परस्परांशी मेळ बसतो की नाही, हे दहा मिनिटांत ताडून पाहता येते. मेळ बसत नसेल तर वैध मापन शास्त्र यंत्रणेकडे दाद मागता येते.

परळ-लालबागच्या बहुतेक गिरण्या १९८२ च्या संपानंतरच्या दोन-तीन दशकांत बंद पडल्या. चात्या थांबल्या, पण त्यांनी रूढ केलेला नंबर राज्यातील मागांवर चालू आहे. कर आकारताना, मजुरी ठरविताना, सूत खरेदी करताना जो आकडा वापरला जातो तो कसा निघाला, हे ज्याला ठाऊक असते त्याला आपला हिशेब दुसऱ्याच्या हाती सोपवावा लागत नाही. कातणारा, विणणारा आणि कापूस पिकविणारा यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचविणे, हे शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्या नेहमीच्या कामाचाच एक भाग मानला पाहिजे.